शून्य युनिट

सहा वर्षं मी लोकांच्या भिंती वाचल्या.
दारव्हा तालुक्यातली एकवीस गावं.
मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची,
आकडा मशीनमध्ये टाकायचा,
"पानी घेता काय?" म्हटलं तर घ्यायचं, निघायचं.

मग कंत्राट गेलं. नवे मीटर आले,
ते स्वतःच स्वतःला वाचतात.
माझ्याकडे उरली एक जुनी मोटरसायकल
अन् मागच्या खिशातली लांबट वही :
ज्या घरांचं रीडिंग महिनोन्महिने हललं नाही
त्यांची यादी.
का ठेवली होती, देव जाणे.
बंद दाराशी उभं राहून
मागचाच आकडा पुन्हा लिहिताना
काही राहून गेल्यासारखं वाटायचं, म्हणून असेल.

गिरोळकर तहसीलसमोर टपरीत बसतो.
तीस वर्षं जागा फिरवतोय,
स्वतःच्या नावावर एक गुंठा नाही.
त्यानं वही चाळली, तर्रीपोह्यांची बशी सरकवली.
"लेका, हे तं सोनं हाय.
पैसा लावू नको. नाहीच तं लावशीन काय!
घर लोकाचं, पैसा लोकाचा,
आपली फक्त चप्पल झिजते.
ज्याले नको हाय तो शोध, ज्याले पाह्यजे तो शोध,
मंधात उभा राह्य.
अन् मंधात उभं राहाले
लय दम लागते, बाप्पा."

तेरा घरं पाहिली.
एकाची भिंत शेजाऱ्याच्या जागेत.
एकाचे मालक तिघं, तिघांचा एकमेकांशी अबोला.
एकानं सुरतेहून फोनवर शिव्या दिल्या,
मी "हाव भाऊ, हाव" म्हणत राहिलो,
नंबर मात्र खोडला नाही.

चौदावं चिंचखेडचं.
दोन खोल्या, वर कवेलू, मागं बोरीचं झाड.
मालक अंबादास भोयर, कामठीला ट्रक चालवतो.
घेणारी किसनीबाई आडे, तांड्यावरची.
तिला मिरची-हळद दळायचं मशीन टाकायचं होतं,
रस्त्याला लागून जागा हवी, अन् थ्री फेज.
मी टेप काढायच्या आत
तिनं पावलांनी माप सांगितलं.
टेपनंही तेच सांगितलं, एक बोट कमी.

इसार झाला.
खरेदीच्या दिवशी कळलं, कागदावर बहीणही आहे.
मी नीट पाहिलंच नव्हतं.
आकडे वाचायची सवय, नावं वाचायची नाही.

पुसदला गेलो. नलिनीताई शिवणयंत्रावर होती.
मी मनात माझ्या दोन टक्क्यांतून
काय काय वजा होईल ते मोजत बसलो.
तिनं ओळखलं.
"तुमी मीटरवाले ना?
तुमी आले का आई पंखा बंद करे.
तिले वाटे, तेवढ्यानं बिल कमी येते."
सुईत दोरा ओवला. मग विचारलं,
"शेवटचं रीडिंग किती होतं?"

वही उघडली.
चार हजार आठशे सतरा.
पुढं सव्वीस महिने तेच.
कापायला मांडलेल्या कापडाच्या कडेला
तिनं खडूनं ते लिहून घेतलं,
अन् त्याच आवाजात म्हणाली,
"हिस्सा अंबादासच्या बरोबरीनं पाह्यजे. मंग सही."

खरेदीखतात विकणारे दोघं, घेणारी एक,
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला.
मी शेवटच्या पानावर,
साक्षीदार क्रमांक दोन.
हाती अकरा हजार,
चार गिरोळकरचे, सहाशे पेट्रोलचे,
शंभराची मिरची किसनीबाईनं जबरदस्तीनं
पहिल्या घाण्यातली बांधून दिली, पैसे घेऊन.

परवा तिकडून गेलो.
मशीन सुरू होतं, डोळ्यांत पाणी आलं,
मिरचीचंच.
भिंतीवर नवा मीटर,
कुणी सांगितलेलं नसताना
अंगठ्यानं काच पुसली.
आकडा पळत होता.
दोनदा शिंकलो.
वहीत पंधराव्या घरापुढं लिहिलंय :
कुलूप गंजलेलं, अंगणात ताजी पावलं.